रेतीला हात न लावता

दिवाळीतल्या एका सकाळी खारघरच्या गोल्फ मैदानावर माझा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंडा रोवलेल्या बारीक गवताच्या पट्ट्याच्या, डावीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे रेतीच्या खड्ड्यात, जाऊन पडला. डोंगराची सावली अजून मैदानावरून हटली नव्हती, गवतावर दव होते आणि चालताना बुटांची टोके ओली होत होती. माझे आप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सणासाठी आमच्याकडे नेरूळला आले होते आणि "तू पहाटे उठून जातेस तरी कुठे, ते बघू दे एकदा" असे म्हणून काठी टेकत माझ्याबरोबर आले होते. मी बॅगेपाशी चेंडू मारायचा क्लब निवडत असताना ते बंकरच्या कडेला गेले, काठी गवतात रोवून वाकले आणि चार बोटे रेतीत खुपसून त्यांनी मूठभर रेती वर काढली. अंगठ्याने ती तर्जनीवर घासली, मूठ आवळली, सैल केली. तेवढ्यात बॅग उचलणारा आमचा कॅडी, जवळच्याच गावातला विशीतला मुलगा, हलक्या आवाजात म्हणाला, "आजोबा, रेतीला हात नका लावू." आप्पांनी मूठ तत्काळ उघडली, हात झटकले आणि ते चार पावले मागे सरकून उभे राहिले. मी फटका मारला. चेंडू बाहेर आला खरा, पण ग्रीनच्या काठावरच थांबला, झेंड्यापासून बराच अलीकडे. पुढचा सगळा वेळ आप्पा गप्प होते. परतताना उत्सव चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "वरचं बोटभर सुकलं होतं, पोरी. खाली ओल होती. तुझं ते हत्यार आत गेलं आणि ओलीनं धरलं."

अगदी तसेच झाले होते. क्लब सुकी रेती सहज कापत गेला आणि मग एकदम जड झाला, हे माझ्या मनगटांना फटक्याच्या क्षणी जाणवले होते. जे कळायला मला फटका मारावा लागला, ते आप्पांना फटक्याच्या आधी, एका मुठीत कळले होते. ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. त्यामागे थोडे वाईट वाटणेही आहे, कारण ज्या माणसाने उभे आयुष्य रेती हाताळून तिची प्रत सांगितली, त्याला कोणी तरी रेतीला हात लावू नका असे सांगावे, हे ऐकायला विचित्र वाटते. कॅडीचे चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. त्याने ज्या शिस्तीत खेळ शिकला आहे, त्या शिस्तीला धरूनच तो बोलला.

ती शिस्त अशी आहे. चेंडू बंकरमध्ये असताना खेळाडूने रेतीची अवस्था समजून घेण्यासाठी तिला हाताने, क्लबने, दाताळ्याने किंवा दुसऱ्या कशानेही मुद्दाम स्पर्श करायचा नाही. चेंडूच्या लगेच पुढे किंवा मागे क्लब टेकवायचा नाही, सरावाचा फटका मारताना रेतीला लागू द्यायचे नाही आणि प्रत्यक्ष फटक्यासाठी क्लब मागे नेतानाही रेती शिवायची नाही. 2019 मध्ये नियमांची मोठी फेरमांडणी झाली तेव्हा यातले बरेच काही सैल झाले. बंकरमध्ये पडलेली पाने, काटक्या, खडे आता उचलता येतात. विसावा घेण्यासाठी क्लबवर टेकता येते. इतकेच कशाला, चिडून रेतीवर क्लब आपटला तरी दंड होत नाही. पण रेतीची पारख करण्यासाठी तिला स्पर्श करण्याची बंदी तशीच राहिली आणि ती राहिली हे मला योग्य वाटते. आप्पा खेळाडू नव्हते, त्यामुळे त्यांनी रेती हातात घेतल्याने नियम मोडला नव्हता. तरी मी त्यांना "कशी आहे?" एवढे जरी विचारले असते, तरी तो माझा नियमभंग ठरला असता, कारण फटक्याविषयी सल्ला मागायचा तो फक्त आपल्या कॅडीकडे. ते गप्प राहिले हेच बरोबर होते. हाताला किती कळते हे नियम करणाऱ्यांना ठाऊक असावे, म्हणूनच त्यांनी नेमका हात बाजूला ठेवला.

पाय मात्र त्यांनी मोकळे सोडले. बंकरमध्ये उभे राहताना पाय घट्ट रोवण्याची पूर्ण मुभा आहे आणि मला विचाराल तर बंकरमधला निम्मा खेळ त्या रोवण्यात आहे. बुटाची टाच थोडी डावी-उजवीकडे फिरवत पाय खाली न्यायचा आणि त्या वेळी सगळे लक्ष तळव्याकडे द्यायचे. रेती सैल आणि कोरडी असली तर पाय बोलता बोलता घोट्यापर्यंत जातो आणि कडेची रेती आपणहून बुटाभोवती ओघळते. ओल असली तर टाच एका जागी अडते, कचकन आवाज येतो आणि बुटाचा ठसा स्वच्छ, उभ्या भिंतींचा उमटतो. पावसाने थापलेली रेती असली तर पाय खाली जातच नाही. वरून रेती दिसते, पण तळव्याला जमीन लागते. हे सगळे काही क्षणांत, मान खाली घालून, चेंडूकडे न बघता कळून घ्यायचे असते. खेळायला लागले तेव्हा मला वाटायचे की पाय रोवायचा तो घसरू नये म्हणून. तोही उपयोग आहेच. पण आता मी बंकरमध्ये उतरते तेव्हा मुख्यतः पायाने रेती वाचायला उतरते आणि ते वाचन पूर्ण होईपर्यंत क्लब उचलत नाही.

आप्पा मुंब्र्याच्या रेतीबंदरावर एका व्यापाऱ्याकडे मोजणीला होते. कळव्याहून मुंब्र्याकडे जाणारी धिमी गाडी एका हाताला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी ठेवून जाते; त्या खाडीच्या काठाने त्या काळी रेतीचे ढिगारे असत आणि माझ्या लहानपणी खिडकीतून दिसणारा त्यातला प्रत्येक ढीग आमच्या आप्पांचाच आहे अशी माझी समजूत होती. रेती खाडीच्या तळातून येई. हातपाटी आणि डुबी या पद्धतीने ती काढणारी माणसे होडीतून खाडीच्या मध्यावर जात, बांबूच्या आधाराने श्वास रोखून तळाशी उतरत आणि लोखंडी बादली भरून वर येत. त्यांच्या कानांचे हाल, डोळ्यांची लाली आणि हिवाळ्यातली हुडहुडी यांविषयी आप्पा फार थोडे, पण नेहमी मान खाली घालून बोलत. होडी काठाला लागली की आप्पांचे काम सुरू होई. रेती ब्रासवर मोजली जाई, म्हणजे 100 घनफुटांवर. मोजणे सोपे वाटते, पण रेती ही मापाला फसवणारी वस्तू आहे. कोरड्या रेतीत थोडे पाणी मिसळले, वजनाच्या 5-6 टक्के, की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि रेती फुगते. तिचे आकारमान 20 ते 30 टक्क्यांनी वाढू शकते. तीच रेती पाण्यात पूर्ण बुडवली की पुन्हा बसते आणि कोरडी असताना होती तेवढीच भरते. म्हणून ओलसर रेतीचा ब्रास घेणारा माणूस पैसे रेतीचे देतो आणि घरी नेतो थोडी हवा. आप्पा मूठ आवळून हे ओळखायचे. मुठीत गोळा धरला आणि बोटाच्या टिचकीने फुटला तर ओल अमुक. धरलाच नाही तर कोरडी. तळहात ओला राहिला तर अजून पाणी निथळायचे आहे. मग तळव्यावर रेती घासून ती खाली टाकायची आणि तळवा बघायचा. मातकट डाग राहिला तर गाळ जास्त. आणि शेवटी दोन कण जिभेवर, कारण खाडीच्या रेतीत मीठ असते. गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर त्या मिठाने स्लॅबमधली सळई गंजते.

त्यांच्या तळहाताची कातडी अजूनही खरखरीत आहे.

बंकरमधल्या फटक्याविषयी बहुतेकांना जे सांगितले जाते ते असे की हा एकच फटका आहे ज्यात क्लब चेंडूला लागत नाही. तो लागायचाच नसतो. चेंडूच्या साधारण 5 सेंटिमीटर मागे क्लब रेतीत शिरतो, चेंडूच्या खालून जातो, पलीकडे बाहेर येतो आणि जो रेतीचा थर उडतो त्याच्यावर बसून चेंडू उडतो. शिकवणारे सांगतात की रेतीतून निघालेला तो तुकडा शंभराच्या नोटेएवढा लांब-रुंद आणि थोडाच खोल असावा. चेंडू त्या नोटेच्या मधोमध. ऐकायला हे सोपे आहे, पण करताना शरीर विरोध करते. डोळ्यांना चेंडू दिसतो आणि हात चेंडूकडेच जातात. त्यातून रेतीचा धाक असा की ऐनवेळी मनगटे आवळली जातात, क्लब रेतीत शिरून थांबतो आणि चेंडू फूटभर सरकून पुन्हा तिथेच बसतो. दुसऱ्या टोकाला, रेतीला न शिवता क्लबची कड थेट चेंडूच्या पोटाला लागली तर तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत जातो. या दोन्हींच्या मध्ये जी वाट आहे ती रेतीवर विश्वास ठेवणाऱ्याला सापडते. क्लब थांबवायचा नाही, रेतीच्या पार न्यायचा, आणि चेंडूला न्यायचे काम रेतीवर सोपवायचे.

ते काम रेतीवर सोपवता यावे असे हत्यार मिळायला गोल्फला फार काळ लागला. आज आपण ज्याला सँड वेज म्हणतो, त्याच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते. या कोनाला बाउन्स म्हणतात. तो साधारणपणे 10 ते 14 अंश असतो. त्यामुळे पुढची धार रेतीत खणत जाण्याऐवजी तळ रेतीवरून घसरत जातो. पूर्वीच्या पातळ धारेच्या क्लबना हे जमत नसे. ते रेतीत रुतून बसत. अमेरिकेचा गोल्फपटू जीन सॅराझन हा बंकरमध्ये आपण कमी पडतो म्हणून अस्वस्थ होता. विमान उद्योजक हॉवर्ड ह्यूज यांच्याबरोबर विमानात असताना त्याने पाहिले की शेपटीकडचा भाग खाली झाला की नाक वर उचलले जाते, आणि त्याला वाटले की क्लबचा मागचा भाग खाली केला तर पुढची धारही अशीच वर राहील. फ्लॉरिडातल्या न्यू पोर्ट रिची इथे त्याने क्लबच्या तळाला शिसे वितळवून चिकटवले, कानस चालवली, रेतीत मारून पाहिले, पुन्हा शिसे लावले. तो क्लब घेऊन तो 1932 च्या ब्रिटिश ओपनला, सँडविच गावच्या प्रिन्सेस मैदानावर उतरला आणि जिंकला. स्पर्धा सुरू होईपर्यंत तो हा क्लब लोकांच्या नजरेपासून लपवत असे, कारण बंदी येईल अशी त्याला भीती होती. आदल्याच वर्षी एका खोलगट तोंडाच्या सँड वेजवर बंदी आली होती. मला या हकिकतीत विमानापेक्षा कानस आणि शिसे जास्त आवडते. रेतीत मारून बघणे आणि पुन्हा तळ घासणे, हे किती वेळा चालले असेल. त्या माणसाने रेतीला काय हवे आहे हे आधी विचारले आणि मग हत्यार केले.

आप्पांना मी हे घरी सांगितले, सँड वेज हातात दिली. त्यांनी तिच्या तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फावड्याला हे चालणार नाही. फावडं शिरलं पाहिजे." मग थोड्या वेळाने, "पण हे शिरायचं नाहीच म्हणतेस तू. बरोबर आहे मग." रेतीत शिरणे आणि रेतीवरून जाणे यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागला नाही. मी गोल्फ खेळणाऱ्या कित्येकांना हे सांगून पाहिले आहे, आणि क्लबचे तोंड थोडे उघडे, म्हणजे आकाशाकडे वळलेले, ठेवा म्हणजे तळ काम करील, एवढे पटायला त्यांना महिने लागलेले मी पाहिले आहेत.

आमच्याकडे, म्हणजे या सगळ्या खाडीपट्ट्यात, रेती वर्षभर एकसारखी राहत नाही, आणि बंकर खेळणाऱ्याला हे फार लवकर कळते. जूनमध्ये पांडवकडा धबधबा वाहू लागला की डोंगरावरून येणारे पाणी सगळे रंग बदलून टाकते. कोकणपट्टीत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा पावसात बंकरच्या उतारावरची रेती वाहून तळाशी येते, वर मातीचा थर उघडा पडतो आणि तळातली रेती ठोकून बसवल्यासारखी घट्ट होते. अशा रेतीत वेजचा बाउन्स शत्रू होतो. तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूला लागते. तेव्हा तोंड फार उघडायचे नाही, कमी बाउन्सचा क्लब घ्यायचा आणि धारेला थोडे खणू द्यायचे. ऑक्टोबरच्या उन्हात रेतीवर पापडी धरते. हिवाळ्यात सकाळी कधी दवाने वरूनच ओली, कधी वरून कोरडी आणि खाली ओल; यातली दुसरी ती अवस्था जी आप्पांच्या बोटांना कळली. मार्च संपता संपता ती पिठासारखी सुटी होते, चेंडू उंचावरून पडला तर अर्धा आत जातो आणि भोवती रेतीचे कडे तयार होते. अशा बुडालेल्या चेंडूला मऊपणे बाहेर काढायचे विसरावे; तोंड बंद करून धार खोल घालायची, चेंडू खालून निघतो आणि ग्रीनवर पडून लांब धावतो. त्याला थांबवणे हातात नसते, त्यामुळे धावायला जागा कुठे आहे ते आधी बघून ठेवायचे.

रेतीच्या कणाचा आकार यात केवढे काम करतो हे मला फार उशिरा समजले. नदीतून घरंगळत आलेला कण गोल होतो; गोल कण एकमेकांवरून सरकतात, म्हणून चेंडू त्यांत बुडतो. दगड फोडून केलेल्या रेतीच्या कणांना कोपरे असतात. ते एकमेकांत अडकतात आणि चेंडू वर राहतो. कण फार बारीक असले तर पाणी निचरत नाही, फार मोठे असले तर ग्रीनवर उडून गवत कापण्याच्या यंत्राची पाती बोथट करतात. म्हणून बंकरसाठी बहुतांश कण पाव ते एक मिलिमीटर व्यासाचे असावेत असे मानतात आणि तळाशी तिचा थर 10 ते 15 सेंटिमीटर ठेवतात. परदेशांत चेंडू किती सहज बुडेल हे दाबून मोजण्याचे यंत्रही वापरतात. हे सगळे वाचताना मला रेतीबंदरावरची चाळण आठवत राहिली, जाड आणि बारीक रेतीचे वेगळे ढीग, प्लास्टरला वेगळी, काँक्रीटला वेगळी. आमच्या या काळ्या कातळाच्या प्रदेशात फिकी, चमकणारी रेती दिसली की ती लांबून आली आहे हे आप्पा लगेच ओळखतात. सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे सिलिका वाळूच्या खाणी आहेत, तिकडची पांढरट रेती त्यांनी पाहिलेली आहे.

दूरचित्रवाणीवर दिसणारे बंकर मला म्हणूनच हल्ली थोडे फिके वाटतात. मोठ्या स्पर्धांत रेती इतकी एकसारखी राखलेली असते की व्यावसायिक खेळाडू ग्रीनशेजारच्या उंच गवतापेक्षा बंकर पत्करतात. 2000 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर टायगर वुड्सने चारही दिवस एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ न देता ब्रिटिश ओपन जिंकली, आणि त्या मैदानावर बंकर आहेत 112. तो पराक्रम थोर आहेच. पण मी परत परत बघते ते त्याच मैदानावरचे 1978 मधले जपानच्या टॉमी नाकाजिमाचे खेळणे. सतराव्या होलला तो दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, वळून रोड होल नावाच्या बंकरमध्ये गेला, तिथून बाहेर पडायला त्याला चार फटके लागले आणि त्या होलवर नऊ झाले. तो बंकर गवताच्या लाद्या रचून केलेल्या उभ्या भिंतीचा आहे. चेंडूला उंची द्यायलाच जागा नाही. तिथे तो प्रत्येक फटक्यानंतर पुन्हा नीट उभा राहिला, पुन्हा पाय रोवले. मला त्यात नामुष्की दिसत नाही. रेतीने ज्याला इतका वेळ धरून ठेवले, त्या माणसाने तिथली रेती त्या दिवशी सर्वांत जास्त ओळखली असेल.

खारघरला सकाळी लवकर पोचले तर बंकर सारखे करणारी माणसे दिसतात. त्यांच्यातल्या एक बाई मला फार आवडतात. त्या मधून दाताळे कधीच ओढत नाहीत. आधी उतारावरून खाली आलेली रेती फावड्याने वर चढवतात, दाताळ्याच्या पाठीने थापतात, मग कडेपासून आत, आतून बाहेर, अशा हलक्या ओढी घेत स्वतःची पावले पुसत मागे सरकतात आणि शेवटी कडेवरून एक पाय गवतावर ठेवून राहिलेला शेवटचा ठसा पुसतात. दात रेतीत किती जावेत यावर त्यांचे लक्ष असते. खोल गेले तर सरी पडतात आणि चेंडू सरीत बसला तर खेळणाऱ्याच्या नशिबी अकारण कठीण फटका येतो. एकदा मी त्यांना विचारले की आज रेती कशी आहे. खेळ सुरू होण्याआधीची वेळ होती, तेव्हा विचारण्यात काही वावगे नव्हते. त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूची बसलीय ताई, उजवीकडं मोकळी आहे. रात्री वारा तिकडून होता." मैदानाच्या कागदावर बंकर सारखेच रंगवलेले असतात. त्यांतला प्रत्येक वेगळा आहे हे त्या बाईंना, आणि त्यांच्यासारख्या तिघाचौघांना माहीत आहे. फटका खेळून झाल्यावर खेळाडूने आपले ठसे स्वतः सारखे करायचे असतात; चेंडू बाहेर गेला की रेतीला हवा तेवढा हात लावायला नियम मोकळीक देतो. मी आता ती मोकळीक वापरते. दाताळे उचलण्याआधी खाली वाकून मूठभर रेती घेते, घासून बघते, आवळून बघते, आणि फटक्याच्या आधी तळव्यांनी जे सांगितले होते ते खरे होते का हे ताडून पाहते. या सवयीने माझा खेळ जितका सुधारला तितका कोणत्याही शिकवणीने सुधारला नाही, असे मी अनुभवाने म्हणू शकते.

तरी रेती हातात घेतली की एक विचार सोडत नाही. रेतीबंदर आता पूर्वीसारखे नाही. सक्शन पंपांनी खाडीचा तळ ओरबाडला, काठ ढासळले, खारफुटी गेली, पूल आणि रूळ यांना धोका व्हायला लागला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या रेती उपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली आणि बांधकामे हळूहळू दगड फोडून केलेल्या क्रश सँडकडे वळली. आप्पा याविषयी कडवट नाहीत. हातपाटीने काढत होतो तोवर खाडी ते भरून काढायची, पंप आले तेव्हा तिला वेळच मिळाला नाही, असे ते सांगतात, आणि निर्बंध आले ते बरे झाले हेही सांगतात. पण जी रेती जपून वापरायला हवी, जिच्यासाठी माणसे खाडीच्या तळाला गेली, ती मी खेळासाठी पायाखाली घेते आणि हवेत उडवते. बंकरमधली रेती संपत नाही, तिथेच पडते, पुन्हा सारखी केली जाते; ग्रीनवर उडालेली दाताळ्याने परत आणली जाते; वर्षाकाठी नवी लागते ती थोडी. हे सगळे खरे आहे आणि तरीही मन पूर्ण स्वस्थ होत नाही. मी खेळ सोडणार नाही. पण उतारावरून वाहून आलेली रेती फावड्याने वर चढवणाऱ्या त्या बाईंच्या कामाकडे मी आता काटकसर म्हणूनही बघते, आणि कोणी खेळाडू दाताळे न उचलता पुढे गेला की मला जो राग येतो त्यात रेतीबंदराचाही वाटा असतो.

आप्पांनी दुसऱ्या भेटीत विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर अजून मला नीट देता आलेले नाही. "जवळ पडायचा असेल तर कळलं," ते म्हणाले होते, "पण लांब पाठवायचा असेल, तर रेती जास्त उडवायची की कमी?" गोल्फमध्ये सर्वांत अवघड समजला जाणारा फटका हाच, साधारण तीस मीटरचा बंकर फटका: ग्रीनशेजारच्या उडवण्याला तो लांब पडतो आणि चेंडू थेट मारण्याला जवळ. पुस्तकी उत्तर असे की रेती कमी घ्यावी, म्हणजे चेंडूच्या थोडे अधिक जवळ मारावे, किंवा कमी उंची देणारा गॅप वेज किंवा पिचिंग वेज घेऊन तोच नेहमीचा फटका मारावा. पहिल्या मार्गात चूक व्हायला जागा फारच कमी, दोन सेंटिमीटरचा फरक आणि चेंडू झाडीत. मला दुसरा मार्ग पटतो, कारण त्यात रेतीशी केलेला करार बदलत नाही, हत्यार तेवढे बदलते. सध्या उन्हाळा आहे, रेती सुटी आणि खोल आहे, आणि गॅप वेजने चेंडू पंचवीस मीटरपर्यंत नीट जातो; पुढचे पाच मीटर मिळवायला जोर वाढवला की तळ खोल जातो. सरावाच्या बंकरमध्ये मी रेतीत बोटाने एक रेघ ओढते आणि चेंडू न ठेवता फक्त रेघेवर क्लब उतरवत पुढे सरकत जाते. मागे उरलेले खड्डे पाहिले की कळते, कुठला उथळ, कुठला खोल. आप्पांना मी त्यांचे फोटो पाठवते. कालच्या फोटोवर त्यांचा निरोप आला: तिसरा आणि पाचवा बरोबर आहेत, बाकीचे फावड्याचे.